तराफ्यावरचे १०१ दिवस : सफरीने काय सिद्ध होते आणि काय होत नाही

१/
२८ एप्रिल १९४७. पेरूच्या काय्याओ बंदरातून एक टगबोट नऊ ओंडक्यांचा तराफा ओढीत खुल्या समुद्राकडे निघाली. तराफ्यावर बांबूची एक झोपडी, एक चौकोनी शीड, सहा माणसे आणि एक हिरवा पोपट. इंजिन नाही, खिळा नाही, मागे फिरण्याची सोय नाही. पुढचे १०१ दिवस हा तराफा प्रशांत महासागरावर होता. सफरीचे नाव ‘कॉन-टिकी’. तिची गोष्ट जगाला ठाऊक आहे. तिने नेमके काय सिद्ध केले, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला एकदा तरी विचारावा असा आहे. #थ्रेड #इतिहास

२/
या सफरीचा नायक थॉर हेयरडाल. जन्म १९१४, नॉर्वेतील लारविक गाव, शिक्षण प्राणिशास्त्राचे. १९३७ साली तो पत्नी लिव्ह हिच्यासह मार्केसस द्वीपसमूहातील फातू हिवा बेटावर राहायला गेला. तेथे दोन गोष्टी त्याच्या मनात घर करून बसल्या. एक, वारा आणि लाटा जवळजवळ सदैव पूर्वेकडूनच येत. दुसरी, बेटावरच्या एका वृद्धाने सांगितलेली कथा : टिकी नावाच्या पूर्वजाने आपल्या लोकांना समुद्रापलीकडून, पूर्वेकडून येथे आणले. पूर्वेला तर हजारो किलोमीटर पाणी आणि त्यापलीकडे दक्षिण अमेरिका.

३/
यातून हेयरडालचा सिद्धान्त उभा राहिला : पॉलिनेशियातील पहिली वस्ती आशियातून आलेली नसून दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. विद्वानांनी तो फेटाळला. त्यांचा मुख्य आक्षेप साधा होता. प्राचीन पेरूच्या लोकांजवळ जहाजे नव्हती. होते ते बाल्सा लाकडाचे तराफे, आणि तराफ्यावर महासागर ओलांडता येत नाही. हेयरडालच्या सांगण्यानुसार न्यूयॉर्कमधील एका ज्येष्ठ अभ्यासकाने, हर्बर्ट स्पिंडेन याने, त्याला उपरोधाने सुचवले की मग स्वतःच तराफ्यावर बसून जाऊन पाहावे. उपरोध हेयरडालने शब्दशः घेतला.

४/
सोबती निवडताना त्याने दर्यावर्दी शोधले नाहीत. हर्मन वॉट्झिंगर अभियंता होता. वारे, तापमान व प्रवाह यांच्या नोंदी त्याच्याकडे. एरिक हेसेलबर्ग बालपणीचा ओळखीचा, चित्रकार आणि सहा जणांतील एकमेव खराखुरा खलाशी. क्नुट हाउगलांड आणि टोर्स्टाइन रॉबी हे बिनतारी यंत्र चालवणारे. दोघेही महायुद्धातील नॉर्वेच्या प्रतिकार-चळवळीचे वीर. हाउगलांड जर्मनांच्या जड पाण्याच्या कारखान्यावरील मोहिमेत होता, तर रॉबीने ‘टिर्पिट्झ’ या युद्धनौकेची खबर शत्रूच्या नाकाखालून इंग्लंडला पाठवली होती. सहावा बेंग्ट डॅनियेलसन, स्वीडिश समाजशास्त्रज्ञ. त्याच्या सामानात ७३ पुस्तके होती.

५/
ओंडके इक्वेडोरच्या जंगलातून, क्वेवेदोजवळून आणले गेले. हिरवे, रसरशीत बाल्सा वृक्ष तोडून नदीच्या प्रवाहातून किनाऱ्यापर्यंत नेले. नऊ मुख्य ओंडके. मधला सर्वांत लांब, सुमारे १३.७ मीटर. सर्व बांधणी तागाच्या दोरखंडांनी. तार, खिळा, लोखंडी सळई वर्ज्य. वर बांबूची चटई, झोपडी आणि खारफुटीच्या लाकडाची डोलकाठी. शिडावर हेसेलबर्गने टिकीचा चेहरा रंगवला. मात्र बिनतारी यंत्र, अमेरिकी सैन्याचे डबाबंद अन्न आणि रबरी होडी हे विसाव्या शतकाचे सामानही सोबत होते. प्रयोगाची मर्यादा येथूनच सुरू होते, ती ध्यानात ठेवावी.

६/
बंदरावरच्या जाणकारांनी दोन भाकिते केली. बाल्साचे लाकूड पाणी शोषून बुडेल. आणि ओंडके एकमेकांवर घासून दोरखंड काही आठवड्यांत तुटतील. दोन्ही खोटी ठरली, आणि कारणे विलक्षण होती. लाकूड हिरवे असल्यामुळे त्यातील रसाने पाण्याला आत शिरू दिले नाही. वाळलेला बाल्सा घेतला असता तर तराफा खरोखर बुडाला असता. दोरखंड मऊ लाकडात रुतून बसले आणि घर्षणापासून वाचले. पोलादी तार वापरली असती तर तिनेच ओंडके चिरले असते. प्राचीन कारागिराची निवड अडाणीपणाची नव्हती, हे करून पाहिल्यावरच कळले.

७/
प्रवासाची रोजनिशी वाचताना जाणवते की या माणसांना समुद्र वेगळाच दिसला. मोठे जहाज इंजिनाच्या आवाजाने आणि नाळेच्या फेसाने जीवसृष्टी दूर लोटते. तराफा पाण्याच्या पातळीवर, आवाज न करता वाहत होता. सकाळी उठून रात्री फळीवर पडलेले उडते मासे गोळा करायचे, की झाली न्याहारी. ओंडक्यांखाली शेवाळ वाढले, शिंपले चिकटले, लहान मासे सावलीला आले. एके दिवशी एक प्रचंड व्हेल शार्क तराफ्याभोवती घुटमळत राहिला. एका रात्री तर खोल पाण्यातला दुर्मीळ मासा थेट रॉबीच्या बिछान्यावर येऊन पडला.

८/
पण या जवळिकीची किंमतही होती. तराफा थांबवता येत नव्हता, वळवता तर मुळीच येत नव्हता. जे मागे राहिले ते कायमचे गेले. पोपट एका मोठ्या लाटेत असाच गेला. एकदा वाऱ्याने उडालेली झोपण्याची पिशवी पकडण्याच्या धडपडीत वॉट्झिंगर पाण्यात पडला. तराफा पुढे सरकत राहिला. फेकलेले जीवरक्षक कडे वाऱ्याने उलट परत आले. तेव्हा हाउगलांडने ते कडे आणि दोरी हाती धरून उडी घेतली, वॉट्झिंगरला गाठले आणि उरलेल्यांनी दोघांना ओढून घेतले. पिशवी गेली. माणूस वाचला तो दोरीमुळे, आणि ती हाती घेऊन उडी मारणाऱ्या सोबत्यामुळे.

९/
हेयरडालने आपल्या वृत्तांतात एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली आहे : वादळापेक्षा मोठी धास्ती होती ती सहा माणसांच्या मनांची. काही पावलांच्या जागेत महिनोन्‌महिने तेच चेहरे, तीच गाणी, तेच विनोद. त्यावर त्याचा उपाय प्रत्येकाला स्वतंत्र काम, स्वतःची पेटी आणि एकट्याने पहारा देण्याची पाळी देणे हा होता. स्वभावाने एकमेकांहून वेगळी माणसे त्याने मुद्दाम घेतली होती. रबरी होडीत बसून थोडे दूर जायचे आणि आपल्याच तराफ्याकडे पाहून पोट धरून हसायचे, हाही त्यातलाच एक उपचार. स्वतःकडे दुरून पाहता येणे ही सामूहिक प्रवासातली फार मोठी सोय असते.

१०/
आणखी एक निरीक्षण सर्वांत मोलाचे ठरायला हवे होते. ओंडक्यांच्या फटींतून काही फळ्या पाण्यात उभ्या खोवलेल्या होत्या. प्राचीन तराफ्यांवर अशा फळ्या असत म्हणून त्यांनीही त्या लावल्या. प्रवासात लक्षात आले की एखादी फळी वरखाली केली की तराफ्याची दिशा किंचित बदलते. तोवर बराच उशीर झाला होता. पुढे १९५३ साली हेयरडालने इक्वेडोरच्या किनाऱ्यावर प्रयोग केले, तेव्हा या ‘ग्वारा’ फळ्यांच्या साहाय्याने तराफा वाऱ्याविरुद्धही हाकता येतो हे स्पष्ट झाले. १९४७ सालचे सहा जण वाहत गेले. मूळ कारागीर तराफा हाकत असत.

११/
३० जुलैला पुका-पुका बेट क्षितिजावर दिसले आणि मागे पडले. काही दिवसांनी आंगाताऊ बेटावरचे लोक होड्या घेऊन मदतीस आले, तरी वारा आणि प्रवाह यांनी तराफा किनाऱ्याला लागू दिला नाही. शेवटी ७ ऑगस्ट १९४७ रोजी तो रारोइआ या कंकणद्वीपाच्या प्रवाळ खडकावर आदळला. लाटांनी झोपडी मोडली, डोलकाठी तुटली. सहाही जण दोरखंडांना घट्ट धरून राहिले आणि जिवंत किनाऱ्याला लागले. अंतर सुमारे ६,९०० किलोमीटर. काही दिवसांनी शेजारच्या वस्तीतील रहिवाशांनी त्यांना शोधून काढले आणि मेजवानी दिली.

१२/
त्यानंतरची कीर्ती अभूतपूर्व होती. १९४८ साली निघालेले पुस्तक जगातील अनेक भाषांत गेले. सफरीच्या चित्रफितीवर आधारित माहितीपटाला ऑस्कर मिळाला. युद्धाने पोळलेल्या जगाला तलवार न उपसता केलेले साहस हवेच होते. पुढे २०१२ साली कथापटही आला. त्यात वॉट्झिंगरला भित्रा आणि स्थूल दाखवले गेले. प्रत्यक्षात तो धडधाकट होता आणि हे चित्रण त्याच्या कुटुंबीयांना दुखावणारे ठरले. गटाच्या सफरीत एक नायक ठरला की गोष्टीच्या सोयीसाठी उरलेल्यांचे रंग बदलले जातात. बखरीपासून बोलपटापर्यंत हा नियम टिकून आहे.

१३/
आता मूळ प्रश्न. कॉन-टिकीने काय सिद्ध केले? पेरूहून बाल्साच्या तराफ्यावर पॉलिनेशियास पोहोचता येते, एवढेच. ‘शक्य होते’ आणि ‘घडले’ यांच्यामध्ये इतिहासाचे संपूर्ण शास्त्र उभे आहे. प्रयोगाने शक्यतेवरचा आक्षेप दूर होतो; घटनेचा पुरावा मात्र उत्खनन, भाषा, वनस्पती, रक्त यांतच शोधावा लागतो. शिवाय हा तराफा सुरुवातीला सुमारे ८० किलोमीटर ओढून किनाऱ्यापासून दूर नेला गेला होता. सुरुवातीचा हा टप्पा प्राचीन खलाशांना स्वतःच पार करावा लागला असता.

१४/
आणि इतर पुरावे एकमुखाने दुसरीकडे बोट दाखवीत होते. पॉलिनेशियातील भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातील; त्या कुळाचे मूळ तैवानकडे जाते. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची ‘लापिता’ नावाची नक्षीदार मातीची भांडी न्यू गिनीजवळच्या बेटांपासून टोंगा-सामोआपर्यंत सापडतात, तीही पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमाक्रमाने. डुक्कर, कुत्रा, कोंबडी, अळूचा कंद, फणसवर्गातील विलायती फणस ही सोबत नेलेली संपत्ती पश्चिमेकडचीच. म्हणजे हे लोक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने गेले. हेयरडालला नेमके तेच अशक्य वाटले होते.

१५/
सिद्धान्तात याहून गंभीर दोष होता, आणि त्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेतून आलेले ते पहिले लोक गोरे, दाढीवाले, उच्च संस्कृतीचे होते असे हेयरडाल मांडत असे. मोठ्या शिल्पांचे व स्थापत्याचे श्रेय तो त्यांना देई. एखाद्या समाजाने उभारलेल्या गोष्टी त्याच्या हातून झाल्याच नसतील, कोणी बाहेरचा ‘श्रेष्ठ’ वंश आला असेल, हा युक्तिवाद वसाहतकाळात जगभर आढळतो. साहस खरे असले तरी त्याच्या पाठीशी असलेली कल्पना निर्मळ असेलच असे नाही.

१६/
गंमत अशी की विरोधी बाजूनेही पॉलिनेशियनांना पुरते श्रेय दिले नाही. १९५६ साली न्यूझीलंडच्या अँड्रू शार्पने मांडले की इतक्या दूरच्या बेटांवर ठरवून जाणे यंत्राविना अशक्य. वाट चुकलेल्या, वाऱ्याने भरकटलेल्या होड्या योगायोगाने बेटांना लागल्या असाव्यात. एकाने नौकानयनाचे श्रेय दुसऱ्यांना दिले, दुसऱ्याने अपघाताला. ज्यांच्या पूर्वजांविषयी हा वाद चालला होता त्यांना कोणी विचारले नाही. पुढे त्यांनी स्वतःच उत्तर दिले. त्याकडे वळण्यापूर्वी हेयरडालच्या आणखी तीन सफरी पाहू.

१७/
१९६९ साली त्याने पपायरस वेताची ‘रा’ ही नौका मोरोक्कोच्या साफी बंदरातून अटलांटिकमध्ये लोटली. आराखडा प्राचीन इजिप्तच्या शिल्पचित्रांवरून घेतलेला, बांधणारे चाड सरोवराकाठचे कारागीर. चित्रांत नौकेच्या मागच्या वळणदार टोकापासून मध्यभागाकडे एक ताणलेली दोरी दिसते. ती शोभेची समजून तिच्याकडे दुर्लक्ष झाले. प्रत्यक्षात तीच मागचा भाग उचलून धरणारी होती. तिच्याअभावी नौकेची पिछाडी पाण्यात बसत गेली आणि पाच हजारांहून अधिक किलोमीटर गेल्यावर, बार्बाडोस आवाक्यात असताना, नौका सोडून द्यावी लागली. साधनातील एकही रेघ निरर्थक मानू नये, हा धडा यापेक्षा महाग क्वचितच कोणी घेतला असेल.

१८/
पुढच्याच वर्षी ‘रा-२’ निघाली. या वेळी टिटिकाका सरोवराच्या आयमारा कारागिरांनी बांधलेली. ५७ दिवसांत सुमारे ६,१०० किलोमीटर कापून ती बार्बाडोसला पोहोचली. या दोन्ही नौकांवर नॉर्वे, अमेरिका, सोव्हिएत संघ, इटली, मेक्सिको, इजिप्त अशा देशांची माणसे एकत्र होती, शीतयुद्ध भरात असताना. झेंडा संयुक्त राष्ट्रसंघाचा. पाण्याला इतके खेटून प्रवास केल्यामुळे त्यांना आणखी एक गोष्ट दिसली : मध्य अटलांटिकमध्ये तरंगणारे डांबरासारख्या तेलाचे गोळे. प्राचीन इतिहास शोधायला गेलेल्यांनी राष्ट्रसंघाला आणून दिला तो वर्तमान समुद्राचा अहवाल.

१९/
‘रा’वरील मेक्सिकोचा मानवशास्त्रज्ञ सान्तियागो खेनोवेस याला मात्र समुद्रापेक्षा सहप्रवाशांत अधिक रस होता. १९७३ साली त्याने ‘अकाली’ नावाच्या तराफ्यावर सहा स्त्रिया व पाच पुरुष मिळून अकरा जणांना, स्वतःसह, कॅनरी बेटांहून मेक्सिकोला नेले. कोंडलेली माणसे हिंसक कशी होतात हे त्याला पाहायचे होते. प्रवास पुन्हा १०१ दिवसांचाच झाला. माणसे एकमेकांवर तुटून पडली नाहीत. ताण वाढला तो मुख्यतः खुद्द खेनोवेसच्या डिवचण्यामुळे. २०१८ च्या माहितीपटात हयात सहप्रवाशांनी हेच सांगितले. निरीक्षक गटाबाहेर उभा नसतो. कधीकधी गटाचा प्रश्न तोच असतो.

२०/
१९७७ साली हेयरडालची चौथी नौका ‘टायग्रिस’ इराकमधून निघाली. सुमेर, बहारीन आणि सिंधू संस्कृती यांच्यातील सागरी व्यापार वेताच्या नौकांनी शक्य होता का, हे पाहणे हा उद्देश. हा प्रश्न आपल्या अंगणातला. मेसोपोटेमियाच्या लेखांतील ‘मेलुहा’ म्हणजे सिंधू प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि लोथलला पर्शियन आखातातील धाटणीची मुद्रा सापडली आहे. नौका सिंधूच्या मुखाकडे आली, तेथून जिबूतीस गेली. तांबड्या समुद्राभोवती युद्धे पेटलेली असल्यामुळे पुढे वाट मिळेना. ३ एप्रिल १९७८ रोजी निषेध म्हणून खलाशांनी ती स्वतःच्या हाताने जाळली.

२१/
आता पॉलिनेशियनांचे उत्तर. १९७३ साली हवाईत ‘पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी’ स्थापन झाली. मानवशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि टॉमी होम्स हे संस्थापक. दोन लांब होड्या शेजारी जोडून बनवलेली सुमारे १९ मीटरची पारंपरिक नौका ‘होकुलेआ’ १९७५ साली पाण्यात उतरली. बेत असा : हवाईहून ताहितीला, चार हजार किलोमीटर, होकायंत्र-नकाशा-घड्याळ काहीही न वापरता जायचे. अडचण एकच. ही विद्या जाणणारा एकही माणूस हवाईत उरला नव्हता.

२२/
तो सापडला हजारो किलोमीटर दूर, मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावर. माउ पियाइलुग. बालपणापासून आजोबांच्या हाताखाली शिकलेला. कोणता तारा क्षितिजावर कोठे उगवतो व मावळतो, कोणत्या दिशेची लाट नौकेला कशी हेलकावते, कोणता पक्षी संध्याकाळी जमिनीकडे वळतो, हे सारे त्याला तोंडपाठ होते. ढगांनी आकाश झाकले तरी नौकेच्या हेलकाव्यावरून तो दिशा ओळखत असे. आपली विद्या आपल्याच बेटावर मरणार असे त्याला दिसत होते. म्हणून रूढी बाजूला ठेवून त्याने ती परक्यांना देण्याचे मान्य केले.

२३/
१ मे १९७६ रोजी होकुलेआ निघाली आणि ४ जूनला ताहितीच्या पापेएते बंदरात पोहोचली. किनाऱ्यावर हजारो लोक लोटले होते. वाऱ्यावर भरकटण्याचा सिद्धान्त त्या दिवशी दुबळा झाला. पण नौकेवरचे चित्र इतके गोड नव्हते. काही हवाईयन खलाशांना गोऱ्या अभ्यासकांचे नेतृत्व खुपत होते. ही सफर प्रयोग आहे की वारसा, यावरून वाद झाले आणि ते हाताबाहेर जाऊन हाणामारीवर आले. माउ इतका दुखावला की परतीच्या प्रवासात न येता तो आपल्या बेटावर निघून गेला. नौका पोहोचली, गट मात्र दुभंगला.

२४/
१९७८ साली दुसरा प्रयत्न झाला. मोलोकाई बेटाजवळ वादळी समुद्रात नौका उलटली. खलाशांपैकी एडी आयकाउ हा नामांकित सर्फर आणि जीवरक्षक मदत आणण्यासाठी आपल्या फळीवर बसून निघाला. बाकीचे सर्व वाचले. एडी पुन्हा कोणाला दिसला नाही. या मृत्यूनंतर माउ परत आला आणि नायनोआ थॉम्पसन या तरुणाला शिकवू लागला. १९८० साली थॉम्पसनने यंत्राविना होकुलेआ ताहितीला नेली आणि परत आणली. कित्येक शतकांनी एका हवाईयन माणसाने हे केले होते. विद्या परत आली, आणि तिची किंमत सर्वांना ठाऊक होती.

२५/
मग हेयरडाल पूर्णपणे चुकला का? येथे रताळे मदतीस येते. एकादशीला आपल्या ताटात येणारे रताळे मूळचे अमेरिकेचे. आपल्याकडे ते युरोपीय व्यापाराच्या काळात आले. पॉलिनेशियात मात्र ते कोलंबसाच्या काळापूर्वीच पिकत होते. उत्खननातील जळक्या अवशेषांवरून हे दिसते. तिथले त्याचे नाव ‘कुमारा’ दक्षिण अमेरिकेतील नावांशी जुळते, असे काही भाषाशास्त्रज्ञांचे मत. म्हणजे कधीतरी, कोणीतरी महासागर ओलांडून भेटले असावे.

२६/
२०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आठशेहून अधिक व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्व पॉलिनेशियाच्या काही बेटांवरील लोकांत अमेरिकी मूलनिवासींचा अल्प अंश सापडला आणि तो मिसळल्याचा काळ इ.स. १२०० च्या आसपासचा निघाला. जवळचे साम्य आजच्या कोलंबियाकडील लोकांशी. संपर्क झाला होता. पण तोवर पॉलिनेशियाचा मोठा भाग पश्चिमेकडून आलेल्यांनी वसवला होता. कोण कोणाकडे गेले हे जनुके सांगत नाहीत. मात्र वाऱ्याविरुद्ध हजारो किलोमीटर गेलेले पॉलिनेशियन पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन परतले असतील, ही शक्यता अनेकांना अधिक पटते.

२७/
२००६ साली आणखी एक तराफा काय्याओहून निघाला, ‘तांगारोआ’. त्यावर हेयरडालचा नातू होता. या वेळी ग्वारा फळ्यांचा पुरेपूर उपयोग केला गेला आणि तराफा आजोबांपेक्षा सुमारे एक महिना लवकर रारोइआला पोहोचला. प्रयोगातून शिकण्याची ही परंपरा आपल्यापर्यंतही आली आहे. मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही शिवणीची नौका गोव्यात बांधली गेली, आणि तिचा आधार अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाज हा आहे. चित्रातील प्रत्येक दोरीकडे पुन्हा पाहावे लागते; ‘रा’ची दोरी विसरून चालत नाही.

२८/
तेव्हा यापुढे कोणतेही साहसी प्रवासवर्णन हाती आले की तीन प्रश्न विचारून पाहावेत. या सफरीने शक्यता दाखवली की घटना सिद्ध केली? ज्यांच्या पूर्वजांविषयी ती बोलते, त्यांचे म्हणणे तिच्यात आहे का? आणि गटातील कोणाचा आवाज गोष्टीत उरला, कोणाचा गळून पडला? हे प्रश्न विचारल्याने साहस लहान होत नाही. दोरी घेऊन उडी मारणारा हाउगलांड तितकाच मोठा राहतो. फक्त त्याच्या शेजारी सातावालचे आजोबा आणि नातूही दिसू लागतात.

२९/
कॉन-टिकीचा तराफा आज ओस्लोच्या संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयाने, हेयरडालने १९५५-५६ च्या मोहिमेत ईस्टर बेटावरून नेलेल्या वस्तू व मानवी अवशेष तेथील रापा नुई लोकांना परत करण्याचा करार २०१९ साली केला. होकुलेआ मात्र संग्रहालयात गेलेली नाही. २०१४ ते २०१७ या काळात तिने ताऱ्यांच्या आधाराने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पन्नास वर्षे झाली, तरी नवे खलाशी तिच्यावर शिकत आहेत.

(समाप्त) #मराठी #इतिहास #सागरीइतिहास